माझ्या पाठीवर सगळे लिहिले आहे

मी एक जुना स्टिरिओ ट्यूनर आहे. रेडिओ नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही विसरणार आहात आणि मी चिडणार आहे.

मित्रांनो, रेडिओ स्वतः बोलतो. मी बोलत नाही. मी हवेतले स्टेशन पकडतो आणि पाठीवरच्या लाल-पांढऱ्या खाचांतून पुढे देतो. अॅम्प्लिफायर त्याला ताकद देतो, मग स्पीकर बोंबलतो. पोस्टमनने पत्र आणून दिले, पण गाऊन दाखवले नाही, म्हणून त्याला कोणी भंगारात घालत नाही. मला घालत होते.

माझा जन्म जपानमधला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे स्क्रू आवळले. इतक्या स्वच्छ हाताने नंतर मला कोणी शिवले नाही. बोरगाव मेघेच्या किसनरावांनी मला नागपुरात विकत घेतले आणि एसटीत मांडीवर बसवून वर्ध्याला आणले. शेजारी त्यांच्या पत्नी आनंदाबाई होत्या. त्यांच्या मांडीवर त्यांचा तान्हा धनंजय. तो रस्ताभर रडला. मी रडलो नाही. तरी घरी पोहोचल्यावर कौतुक त्याचेच झाले. तेव्हापासून आमचे पटत नाही.

पुढची काही वर्षे मात्र माझी होती. माझी आकड्यांची पट्टी हिरवी उजळायची, स्टिरिओचा लाल दिवा लागायचा. एका स्पीकरातून तबला यायचा, दुसऱ्यातून पेटी. शेजारी दोन्हींच्या मधोमध डोके धरून बसायचे आणि म्हणायचे, "वा किसनराव, काय रेडिओ हाय!" मी दात-ओठ खायचो. दात नाहीत, ओठ नाहीत, तरी खायचो.

मग शेजारच्या कैलासने मंडळाच्या कार्यक्रमासाठी अॅम्प्लिफायर नेला. तो तिथेच जळाला. जळाला अॅम्प्लिफायर आणि मेलो मी, असे घरात ठरले. माझ्या डोक्यावर सेटटॉप बॉक्स आला, त्यावर चिवड्याची ताटली. मित्रांनो, माझ्या डोक्यावर जाळी आहे. ती गरम हवा बाहेर जावी म्हणून आहे. शेव आत यावी म्हणून नाही.

किसनराव तेवढे मला विसरले नाहीत. दर दसऱ्याला स्कूटर, शिलाई मशीन आणि मी, अशी आमची पूजा व्हायची. ओल्या बोटाने कुंकू माझ्या बटणांना लावायचे. माया खूप, म्हणून कुंकूही खूप. ते फटीतून आत जायचे आणि वाळायचे. मी काय बोलणार? बोलत नाही, हे सांगितलेच आहे.

यंदा दिवाळीची साफसफाई निघाली. धनंजय म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याले बोलावलं हाय. हा मेलेला डबा देऊन टाकतो."

"मेला नाई तो. त्याले तोंड नाई, एवढंच."

"मंग इतके वर्ष ठेवला काऊन?"

"तुले नाई ठेवलं?" किसनराव म्हणाले.

शेवटी ठरले: भंगारवाला येईपर्यंत मी वाजलो तर राहीन, नाही तर जाईन. किसनराव चेहऱ्याने हसत होते, पण त्यांचा एक हात माझ्या कडेवर घट्ट होता. घरात आता त्यांना कोणी काही विचारत नव्हते. त्यांची तेवढी एकच गोष्ट उरली होती, जी ते ठामपणे सांगत होते. ती खोटी पडणार होती की काय, हे माझ्या तारांवर होते.

त्यात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ताजे. काळा चष्मा लावून ते माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि हुकूम सोडू लागले. धनंजय माझ्या पाठीमागे वाकला.

"डाव्या हाताले अँटेनाचे स्क्रू हायत. उजव्या हाताले आवाजाच्या खाचा."

आता ऐका. किसनराव आयुष्यभर समोरूनच हात मागे घालून तारा लावायचे. त्यांचे डावे समोरचे. धनंजय मागे. त्याचे डावे म्हणजे त्यांचे उजवे. हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. माझ्या आले होते, पण मला विचारतो कोण?

धनंजयने अँटेनाची वायर आवाजाच्या लाल खाचेत कोंबली. मग, अॅम्प्लिफायर नव्हता म्हणून, टीव्हीजवळच्या होम थिएटरची चांगली वायर अँटेनाच्या स्क्रूंना लावायला गेला. पिन बसेना. म्हणून त्याने पिन कापली. जे बसत नाही ते कापायचे! या माणसाची चप्पल घट्ट झाली तर काय करेल, मला भीती वाटते.

"बाबा, काईच नाई येऊन राह्यलं. मेला हाय हा."

"तू उलटं करून राह्यला असशील."

"तुमीच उलटं सांगून राह्यले!"

प्रत्येक खाचेखाली, प्रत्येक स्क्रूखाली लिहिलेले होते. ठसठशीत. वर धूळ होती, इतकेच. पण वाचून काय करायचे, भांडता येत असताना?

धनंजयची बायको सुरभी हातात फडके घेऊन आली. तिने माझी पाठ पुसली, मोबाईलने फोटो काढला, मोठा केला आणि किसनरावांपुढे धरला. "बाबा, तुमीच वाचा न जी."

किसनराव चष्मा वर करून एकेक अक्षर वाचू लागले. मग म्हणाले, "धन्या, तू मागे उभा हायेस."

"सकाळपासून उभा हाये, बाबा."

दुसरी वायर जुन्या डीव्हीडीची निघाली. लाल लालमध्ये, पांढरी पांढरीत, दुसरे टोक होम थिएटरात. अँटेनाची तार कुठे टांगायची? धनंजयने ती कूलरच्या पत्र्याला गुंडाळली. मी जपानचा, आणि माझे कान वर्ध्याचा कूलर. असो. माझी पट्टी हिरवी उजळली.

पण आवाज नाही. तेवढ्यात फाटकातून हाक आली, "भंगार कोनतं होय जी?" भंगारवाला गुलाब आला होता.

किसनरावांनी बोट माझ्या बटणांवरून फिरवले. एक, दोन, तीन सारखी. चौथे आत रुतलेले. ते म्यूटिंगचे बटण. ते दाबलेले असले की खरखर आणि कमजोर स्टेशने मी गिळून टाकतो. आणि कूलरच्या कानाने सगळीच स्टेशने कमजोर. त्यांनी नख घालून ते उचकटले. फटीतून लाल भुकटी त्यांच्या बोटावर सांडली.

दसऱ्याचे कुंकू. त्यांचेच.

होम थिएटरातून खरखर फुटली. किसनरावांनी मोठे चाक हळूच फिरवले आणि खोलीच्या एका कोपऱ्यातून तबला आला, दुसऱ्यातून पेटी.

"भंगार कोनतं?" गुलाबने पुन्हा विचारले. किसनरावांनी धनंजयकडे बोट दाखवले. धनंजय हसला आणि कापलेली वायर त्याने गुलाबच्या हातात दिली. गुलाब म्हणाला, "रेडिओ मस्त हाय."

"आवाज कमी करा जी," आनंदाबाई आतून ओरडल्या, "माही सीरियल सुरू हाय!"

मित्रांनो, मला तुमचे प्रेम नको, डोक्यावर ताटली नको. एखाद्याला मेलेला ठरवण्याआधी फक्त त्याची पाठ पुसून वाचा. तिथे लिहिलेले असते.

इतके बोलून मी थांबणार होतो. पण किसनराव डोळे पुसत उठले आहेत. माझ्याकडे वळून वळून बघत आहेत. देवघराकडे निघाले आहेत.

अरे, कोणीतरी त्यांना धरा. ते कुंकू आणायला गेले आहेत.