प्लेअर नापसंत करणारं वऱ्हाड

ठोसरांच्या लग्नाची डिस्क लावली की टीव्हीतलं वऱ्हाड आधी बाहेर डोकावून प्लेअर कोणता आहे ते बघायचं. पसंत पडला नाही तर लग्न पुढे सरकत नसे.

पहिला प्लेअर साधाच होता. अक्षता पडल्या, पानं मांडली गेली आणि पंगतीच्या तोंडाशी सगळे थांबले. नवरीचे मामा पडद्याशी आले, काचेला नाक लावून खालच्या यंत्राकडे बघत म्हणाले, "एवढ्याशा डबीत बसवलंत होय आम्हाला?" मग चौकटीवर पाय देऊन ते खाली उतरले, ठोसरांच्या हॉलमधली खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मामांना वारून बरीच वर्षं झाली होती, पण मान तो मान. ठोसरांनी पाणी विचारलं. मामा नको म्हणाले.

खरं तर ठोसरांना त्या लग्नातलं बाकी काही नको होतं. पंगतीत हेमलताने नाव घेतलं होतं, तेवढं ऐकायचं होतं. पुढे जन्मभर ती 'अहो' म्हणाली. गाव 'सर' म्हणायचं, मुलगी 'बाबा'. मागच्या थंडीत हेमलता गेली आणि ठोसरांच्या लक्षात आलं की आपल्या नावाने आपल्याला हाक मारणारं कोणी उरलेलंच नाही. तिच्या तोंडून ते एकदाच निघालं होतं, भर पंगतीत, हातात जिलबीचा घास धरून. डिस्क आता घासली गेली होती. किती वेळा चालेल याचा भरवसा नव्हता.

ते दुसरा प्लेअर बघायला गुगळ्यांच्या दुकानात गेले. गुगळ्यांना जराही नवल वाटलं नाही.

"वऱ्हाड कसं आहे सर?"

"मानपानाचं आहे."

"मग हा न्या. घासलेली डिस्कही वाचतो."

तो चांगला रुंद, चकचकीत होता. मामांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही, आणि आत आत्याचा जांभळा शालू हिरवा दिसायला लागला. ठोसरांनी लाल, पिवळी, पांढरी पिन काढून उलटसुलट लावून बघितली. शालू निळा झाला, मग मातकट झाला. आत्या बाहेर आली. बायको उपाशी असताना आपण कसं जेवायचं म्हणून तिच्यामागून तिचे यजमान आले. पुढचा प्लेअर गाणी म्हणायची सोय असलेला निघाला. तो भटजींचा आवाज गाळून नुसती सनई वाजवायचा. भटजी पळी-पंचपात्रासकट उतरले.

प्रत्येक नव्या प्लेअरला कोणी ना कोणी रुसायचं, आणि उतरलेलं माणूस परत चढत नसे. हॉल भरला. ठोसरांना टीव्हीपर्यंत जायला लोकांच्या गुडघ्यांवरून जावं लागे. एक दिवस त्यांचे स्वतःचे वडील उतरले, काळ्याभोर केसांचे, ऐन उमेदीतले. ठोसर लगबगीने पुढे झाले. आता नाव निघणार. वडिलांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ते म्हणाले, "काका, जरा सरकता का?"

त्यानंतर नवरदेवच उठला. मुंडावळ्या मागे टाकत बाहेर आला, एकेकाच्या पाया पडला, कोणी बधेना. जे चिडून जिन्यापर्यंत गेले होते त्यांची समजूत काढायला तो खाली गेला आणि बाजारातल्या गर्दीत दिसेनासा झाला.

तेव्हा ठोसरांना एक युक्ती सुचली. सगळे रुसून बाहेर येतात, तर ती का येणार नाही? त्यांनी मुद्दाम दुकानातला सर्वांत भिकार प्लेअर मागितला. गुगळे नको नको म्हणत होते. त्या प्लेअरमध्ये हेमलताचा चेहरा आडव्या रेघांनी चिरला जायचा, कानातली कुडी मानेवर यायची. ती उठली नाही. रुसायचं तिला कधी जमलंच नव्हतं. ती रेघांखाली पदर सावरत बसून राहिली आणि ठोसरांनी घाईघाईने वायर उपटली.

दुकानात शेवटचा एकच प्लेअर उरला होता. गुगळे तो स्वतः घेऊन आले आणि दार उघडेना म्हणून खिडकीतून लोकांच्या डोक्यांवरून पुढे दिला. चित्र लख्ख आलं. मांडव रिकामा, पानं वाढलेली, रांगोळीला धक्कासुद्धा नाही. हेमलता एकटी, हातात घास, शेजारी रिकामा पाट. पण आग्रह झाल्याशिवाय नवी नवरी नाव कसं घेणार? ठोसर हॉलकडे वळले. कोणीतरी एकदा 'नाव घे' म्हणा, असं त्यांनी एकेकाला हात जोडून विनवलं.

"आमचं अजून जेवण झालेलं नाही," मामा भिंतीला म्हणाले.

डिस्क आत करकरायला लागली होती. ठोसरांनी पडद्यावर कपाळ टेकवलं. "हेमा, मीच म्हणतो. नाव घे."

तिने वर पाहिलं. पांढऱ्या केसांचं तिला काही वाटलं नाही. "घास हवेत भरवू का?" ती म्हणाली. "आधी बसा. मग घेते."

प्लेअरचा ट्रे बाहेर आला. नेहमीच्या जागी न थांबता तो सरकत सरकत ठोसरांच्या गुडघ्यांपर्यंत आला, चांगला पाटाएवढा रुंद. वऱ्हाडाने पहिल्यांदाच पाय आखडून वाट दिली. ठोसरांनी चष्मा मामांच्या हातात ठेवला, ट्रेवर मांडी घातली, अंग आवळून घेतलं. जिलबीचा पाक तिच्या मनगटावरून ओघळत होता. ट्रे आत जाऊ लागला आणि तिने तोंड उघडलं.