शांताक्काच्या गायीच्या पायातली पट्टी

मी पोलादाची पट्टी बोलतेय, शांताक्काच्या गायीच्या पुढच्या पायातून. हाडाला स्क्रूनं आवळलेली आहे. माझ्यावर जेवढा संशय घेतला गेला तेवढा चोरावरही कुणी घेत नाही.

मी आणि माझी जुळी बहीण एकाच कांबेतून निघालो आणि दुष्काळाच्या वर्षी बेंबळीच्या जनावरांच्या दवाखान्यात हिंमतराव डॉक्टरांकडे आलो. आटलेल्या विहिरीपाशी घसरून शांताक्काच्या संकरित कालवडीचा पाय मोडला होता. ही व्याली की दूध सोसायटीत दूध घालायचं, एवढीच अक्काची आशा. पाय सांधला नाही तर कालवड खाटकाकडं.

"हाडाला लोखंड? डाक्टर, आमी मडकं बी वाजवून घेतो!" अक्का म्हणाली.

मग डॉक्टरांनी बहिणीला दोन खुंट्यांवर आडवं ठेवलं आणि सोसायटीच्या काट्याची वजनं मधोमध टांगली. टांगायची, काढायची, पुन्हा टांगायची. दिवस कलला तरी बया हटली नाही. मला लई अभिमान वाटला.

"झाली पारख. आता हीच घाला," अक्का म्हणाली.

"न्हाय अक्का. भार घेऊन-घेऊन ही तपासणीत आतून थकलीय. हिची जुळी घालायची."

झालं! अक्काचा पारा चढला. "म्हंजी पारखलेली तुमी ठेवणार, आन कोरी माझ्या वासराला? मला येडी समजलात व्हय?" रागारागानं तिनं स्वतःच तीच वजनं पुन्हा टांगली. ताडकन बहिणीचे दोन तुकडे झाले.

अक्काचा चेहरा उतरला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "आन हिचीच बहीण घालता?" खरं सांगते, मलाही माझीच शंका आली.

"कोरीचं बळ शाबूत हाय. हाड सांधंपर्यंत पुरंल," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात कालवड कळवळून हंबरली. अक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "घाला."

हाड सांधलं. कालवड गाय झाली, व्याली, सोसायटीत दूध जाऊ लागलं. परवा डॉक्टर मला काढायला आले, तर अक्का आडवी आली. "पट्टी ऱ्हाऊ द्या. तिचा भरवसा हाय. हाडाचा न्हाय, ते एकदा मोडलंय."

अगं अक्का, सगळा भार कधीचा हाडच पेलतंय! मी नुसती आयती बसलेय, थंडीत गायीच्या पायात ठणका उठवतेय. एकदा मोडलेल्यावर पुन्हा विश्वास टाक, बाई, आणि मला बाहेर काढ.