आयल्साची सॅक

“या काठ्या माझ्या बरगड्या मोजतायत,” नोएलीन नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

“मग तंबूचं कापड तू घे. ओलं आहे, आधीच सांगतो,” क्लाईव्ह म्हणाला.

“हळू बोला, ऐकेल ती,” मागून रॉझलिन कुजबुजली. तिच्या पाठीवर स्टोव्ह आणि पातेलं दर पावलाला एकमेकांशी भांडत होते.

तंबू, काठ्या, स्टोव्ह, पातेलं, सगळं आयल्साचं. आयल्सा मात्र जवळजवळ रिकामी सॅक पाठीवर घेऊन, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कणा ताठ ठेवून, ओढ्याकाठच्या उंच नेच्यांमधून पुढे चालली होती. म्होरक्याला ओलांडायचं नाही हा त्यांच्या तास्मानियातल्या भटक्या मंडळाचा नियम, आणि तीस वर्षं म्होरकी तीच. त्यामुळे बाकीचे तिघं मुंगीच्या पावलांनी मागे. मघाशी कडेवर पोर घेतलेली एक बाई हसून पुढे निघून गेली, तेव्हा तिघांनाही एकदमच बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. गाडी लावली की आयल्सा स्वच्छतागृहात जाई आणि तेवढ्यात तिची सॅक रिकामी होई. मुक्कामाला ती पाणी आणायला ओढ्यावर उतरली की सगळं परत गुपचूप जागच्या जागी. मधल्या वेळात सॅक भरलेली दिसावी म्हणून यंदा क्लाईव्हनं तिच्यात वेफर्सची दोन मोठी पाकिटं कोंबली होती.

आयल्सानं हात वर केला. सगळे थांबले.

“नेच्यात काहीतरी आहे. चुरचूर ऐकलीत?”

“वॉलबी असेल, छोटं कांगारू,” क्लाईव्ह गंभीरपणे म्हणाला.

“सकाळपासून मागे लागलीय बिचारी,” आयल्सा म्हणाली.

जेवणाला ओंडक्यावर टेकल्यावर आयल्सानं सॉसेज-पावाचा घास घेतला आणि म्हणाली, “एक सांगते, हसू नका. दरवर्षी मला सॅक हलकी लागतेय. डॉक्टरला म्हटलं, पोरा, तुझ्या गोळ्या तुझ्यापाशी ठेव. एप्रिलमध्ये वरची डोंगरवाट करतेय, सहा दिवसांची. नाव नोंदवून टाकलं.”

“कोणाबरोबर?” रॉझलिननं विचारलं.

“एकटी. तुम्ही लोक फार हळू चालता.”

एप्रिलमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, त्या वाटेवर कधीही बर्फ पडतं, हे या तिघांना शिकवलं होतं तेही आयल्सानंच.

मुक्कामावर ती पाण्याची पिशवी घेऊन ओढ्याकडे उतरली. क्लाईव्ह भराभर सामान कोंबू लागला.

“सांग ना तिला,” नोएलीन म्हणाली.

“मी? मैत्रीण तुझी.”

“घरी गेल्यावर फोन करू या का?” रॉझलिन म्हणाली. फोन कोण करणार म्हटल्यावर मात्र ती पातेलं पुसायला लागली.

नोएलीनला आठवलं, एकवीस वर्षांपूर्वी याच ओढ्यात तिचा पाय मुरगळला होता, तेव्हा आयल्सानं तिला पाठुंगळी घेऊन पलीकडे नेलं होतं. तू जड आहेस, असं चुकूनही म्हणाली नव्हती. आणि नोएलीन तेव्हा चांगलीच जड होती.

आयल्सा चढ चढून आली. धापा टाकत होती. तोवर सामान जागच्या जागी गेलं होतं. आता गप्प बसलं तरी खपलं असतं.

“पाहुण्यांसारखे बसू नका. चहा कोण टाकतंय?” ती म्हणाली.

“आयल्सा, आधी बस जरा,” नोएलीन म्हणाली. “तुझं सामान तीन वर्षं आम्ही वाहतोय. तुला आता झेपत नाही गं.”