डोळ्यावर फोकस

धाकट्याच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते सहजासहजी निघत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, लोकांच्या इमारतींत वर-खाली करून दमून यायचा आणि घरी पोचला की खुळाच्या मागे लागायचा. मासे पाळून झाले, मग गिटार आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. शेवटी त्यानं कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स विकत घेतली आणि गडी कामातूनच गेला.

लेन्स मोठ्या तोंडाची होती. पूर्ण उघडली की जेमतेम बोटभर जाडीचं काय ते स्पष्ट यायचं. माणसाचे डोळे धारदार आले तर कान धूसर. मागचे रस्त्यावरचे दिवे तर पसरून मोठमोठे रंगीत गोळे व्हायचे. धाकट्याला ते गोळे हवे होते. त्यासाठी अंधार हवा, मागे दिवे हवेत आणि पुढे न हलणारं माणूस हवं. बायको दोन संध्याकाळी बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी बसते इथे, तू आत जाऊन भांडी घास." तेव्हा त्याला आई आठवली.

आई काय, हाक मारली की हजर. तो तिला बाल्कनीत स्टुलावर बसवायचा आणि दिवा घालवायचा. मागे खालून जाणाऱ्या गाड्या आणि समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी.

"आई, हलू नकोस. डोळ्यावर फोकस आहे."

"नाकावर घे की. नाक मोठं आहे माझं," असं म्हणून आई स्वतःच हसायची आणि फोटो हलायचा.

त्या दोघांचं त्या संध्याकाळी छान जमायचं, हे कबूल करायला हवं. लग्न झाल्यापासून तो आईजवळ इतका वेळ कधी बसला नव्हता. ती खुशीत असायची. डोकं दुखतंय हेसुद्धा ती उठता उठता, सहज सांगितल्यासारखं सांगायची.

"जरा कपाळ ठणकतंय रे."

"झालंच आई, एकच."

त्याचं 'एकच' म्हणजे काय, हे त्याच्याकडून 'पाच मिनिटांत' लिफ्ट दुरुस्त करून घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको.

एका संध्याकाळी फोटो मनासारखा आला. मागे केशरी-हिरवे गोळे, पुढे आईचा चेहरा, उजव्या डोळ्याची पापणी केसन् केस सुटी. त्यानं तो टीव्हीवर मोठा करून लावला. आई बराच वेळ बघत राहिली.

"यासाठी एवढा खटाटोप केलास होय?" ती म्हणाली. "मला तर रात्री दिवे असेच दिसतात. वर कडेनं रंगसुद्धा."

धाकटा खो खो हसला. बायकोला बाहेर बोलावून त्यानं ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. थोरल्या बहिणीला फोन केला, "अगं, आईच्या डोळ्यांत लेन्स फुकटच बसवलेली आहे, मी उगाच पैसे घातले." कामावरही सगळ्यांना सांगून झालं. हौशी फोटोवाल्यांच्या स्पर्धेत त्या फोटोला बक्षीस मिळालं, तेव्हा खाली आईचं तेच वाक्य छापलं होतं. बक्षीस घ्यायला दोघं गेले. आई मंचाच्या पायरीवर अडखळली. "चप्पल नवी आहे," ती म्हणाली आणि त्यानं ते मान्य केलं.

मग एका सकाळी आई न्हाणीतून ओरडली, "अगं, दिवे गेले का?"

दिवा लख्ख लागलेला होता. साबण डाव्या डोळ्यात गेला म्हणून तिनं तेवढाच मिटला होता. सूनबाईनं दाराबाहेरून ते ऐकलं आणि हातातलं काम टाकून नवऱ्याला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी बरीच तपासणी केली. काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नस वाळली होती, ती नजर आता परत येणार नव्हती. हाच डोळा धाकट्यानं कितीदा पडद्यावर मोठा करून पाहिला होता! पापणी धारदार आहे ना, बुबुळात दिव्याचा ठिपका आलाय ना, सगळं बारकाईनं पाहिलं होतं. त्या डोळ्याला दिसतंय का, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आजी, अंधारात बसल्यावर डोकं दुखायचं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अंधारातच हा त्रास वाढतो. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची?"

"छे हो," आई चटकन म्हणाली. "हे आत्ताच सुरू झालंय, महिन्याभरात."

"नीट आठवा. आधीपासून असेल तर डाव्या डोळ्यालाही आजच लेझर करावं लागेल. थांबून चालायचं नाही."

"नाही म्हणते ना मी."

टेबलाखाली आईनं धाकट्याचा हात चाचपून शोधला आणि घट्ट दाबला. मुख्याध्यापकांसमोर त्याची बाजू सावरताना ती असाच हात दाबायची. अर्थ तोच होता, तू गप्प बस, मी बघते. गप्प बसला असता तर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. पण सवाल उरलेल्या एका डोळ्याचा होता.

"होत होतं, डॉक्टर," तो म्हणाला. "डोकंही दुखायचं, कडीही दिसायची. मीच तिला अंधारात बसवायचो, तासन् तास."

"कडी दिसायची हे तुम्हाला कसं माहीत?"

"तिनं सांगितलं होतं."

"कधी?"

"गेल्या हिवाळ्यात."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला लेझरची खोली तयार करायला पाठवलं. मग त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मग तुम्ही काय केलंत?"

"हसलो," तो म्हणाला.

आईनं हात सोडला नव्हता. डावा डोळा डॉक्टरीणबाईंच्या समोर यावा म्हणून तिनं मान जराशी वळवली.

"लहानपणापासून हसराच आहे हो तो," ती म्हणाली.