सूतभर आखूड पाय

या, बाबांनो, जरा सरकून जवळ बसा. एका सुताराची गोष्ट सांगतो. डोक्यात सूड घेऊन तो दारूपासून लांब राहिला, त्याची गोष्ट.

सुताराने दारू सोडली तेव्हा अंगाची थरथर चार दिवसांत गेली, पण संध्याकाळ काही जाईना. दिवसा काम असे. दिवेलागणीला मात्र घर खायला उठे. जांभया द्याव्यात, खिडकीशी जावं, परत यावं. बायको म्हणे, अहो, जरा बसा. बसून करू काय, हा त्याचा सवाल.

तशात गुत्तेवाल्याचं बोलणं कानावर आलं. त्याने सुताराची नेहमीची खुर्ची रिकामी ठेवली होती आणि गिऱ्हाइकांना दाखवून सांगत होता, मिस्त्री जातो कुठे, कंटाळला की येईल मुकाट्याने.

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी त्याने चांगलं सागवान काढलं. गुत्तेवाल्याला गल्ल्यावर बसायला अशी देखणी खुर्ची करायची, की टाकवणार नाही. आणि एक पाय ठेवायचा सूतभर आखूड. बस म्हणावं जन्मभर डुगडुगत! रोज संध्याकाळी रंधा चाले आणि प्रत्येक ढलपीबरोबर एक शिवी बाहेर पडे. कंटाळ्याला आत शिरायला फटच उरली नाही.

खुर्ची झाली. ती डोक्यावर घेऊन तो गुत्त्यात गेला नि म्हणाला, ही घे, माझी जुनी दे.

गुत्तेवाल्याने ती गल्ल्यामागे ठेवली आणि ऐसपैस बसला. खुर्ची हलली म्हणून नाही. तिथली फरशी एका कोपऱ्यात सूतभर वर आलेली. सुताराने त्या गुत्त्यात अर्धं आयुष्य काढलं, पण फरशी कधी बघितली नव्हती. शुद्धीत होता कधी!

"मिस्त्री, इतकी वर्षं पायाखाली पुठ्ठा घालून बसतोय," गुत्तेवाला म्हणाला. "आज पहिल्यांदा नीट बसलो. घे, ही माझ्याकडून." आणि भरलेला पेला पुढे सरकवला.

सुतार इतका भडकला होता, की पेला दिसूनही दिसला नाही. जुनी खुर्ची खांद्यावर टाकून तो तरातरा घरी आला आणि सगळं बायकोला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग जवळ येऊन तिने हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. नुसता भुशाचा वास होता.

"आता त्याला स्टूल करतो," सुतार दात खाऊन म्हणाला. "या खेपेला आधी जाऊन फरशी मापतो."

"तुम्ही करा स्टूल," बायको म्हणाली. "फरशी मापायला मी जाते."

आणि गेली हो ती. भर गुत्त्यात, हातात फूटपट्टी घेऊन, लोक बघत असताना गुडघे टेकून बसली.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बाईची आठवण ठेवा.