शाबासकीची धास्ती

आमरीन शेख यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की कचेरीतला शिपाई चहा घेऊन दाराबाहेरच थांबे. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्ये पाऊल टाकायचं नाही, हे तो अनुभवानं शिकला होता.

बाई परिविक्षा अधिकारी होत्या. ज्यांच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडलाय आणि ज्यांना कोर्टानं तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडलंय, अशांवर लक्ष ठेवायचं, त्यांना कामाधंद्याला लावायचं आणि पुन्हा वाकड्या वाटेला जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. आजवर हे सगळं त्यांनी एकाच हत्यारानं केलं होतं. रागावून. आणि खोटं कशाला बोला, त्यांच्या शिव्या खाल्लेल्या बहुतेकांचं भलंच झालं होतं.

मग पुण्यात प्रशिक्षण निघालं. तिथल्या तरुण साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवले. देशोदेशी अभ्यास झालेत म्हणे, नुसत्या धाकानं माणूस सुधारत नाही. त्याचं काय चुकलं हे सांगताना काय बरोबर आहे हेही सांगा. एकदा रागावलात, तर चारदा शाबासकी द्या. सगळे अधिकारी माना डोलवत होते. आमरीनबाई मात्र मनात म्हणत होत्या, माझ्या सासूनं जन्मात कधी शाबासकी दिली नाही, तरी मी कुठं दरोडा घातला? पण बाई प्रामाणिक. शिकवलंय तर करून बघू, असं ठरवून त्या शहरात परतल्या आणि सोमवारी पहिला समोर बसला तो सम्यक.

सम्यक फुलंब्रीचा. वाळूजच्या एका कारखान्यातून चोरलेली तांब्याची तार ज्या टेम्पोतून गेली, त्या टेम्पोचं स्टेअरिंग याच्या हातात होतं. दोस्त म्हणाले चल, हा चालला. डोकं तेवढं घरी ठेवून गेला होता. चार महिने आत काढले, मग कोर्टानं पहिलीच चूक म्हणून हमीवर सोडलं. आता तो शहरात राजेंद्रशेठच्या दुकानात मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचा आणि दर सोमवारी हजेरीला यायचा. आला की बाई सुरू व्हायच्या. केस किती वाढवलेस, फोन का उचलत नाहीस, त्या टेम्पोवाल्या टोळक्यातलं कुणी भेटलं का, भेटलं तर तंगडी तोडीन. तो खाली मान घालून सगळं ऐकायचा आणि जाताना "येतो मॅडम" म्हणायचा. बाईंचा या पोरात जीव गुंतला होता. तो का गुंतला, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

त्या सोमवारी मात्र बाईंनी घसा साफ केला आणि हसून म्हणाल्या, "सम्यक, वेळेवर आलास, मला फार आनंद झाला. शिलाई तुझी फार सफाईदार असते म्हणे. आईला सांभाळतोस, चांगलं आहे. आणि हा शर्ट तुला शोभतो हं."

चार झाल्या. आता एक रागावणं बसत होतं, पण नेमकं त्या दिवशी रागवायला काही सापडेना. सम्यक उठला. "येतो" म्हणाला नाही. लाजला असेल बिचारा, असं बाईंना वाटलं आणि स्वतःवरच खूश होऊन त्यांनी शिपायाला जादा साखरेचा चहा सांगितला.

पुढच्या सोमवारी सम्यक आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. राजेंद्रशेठ म्हणाले, दोन दिवस कामावरही नाही. लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या की कोर्टाला कळवायचं, हा नियम. कोर्टानं मनावर घेतलं तर हमी रद्द, आणि पोरगा सरळ आत. बाईंनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं, बंद केलं. उद्या सकाळपर्यंत कळवलं तरी चालतंय, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पर्स उचलली आणि फुलंब्रीची एसटी धरली. गाडीत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा पळाला असेल तर? पुन्हा त्या टोळक्यात गेला असेल तर? पुण्याच्या त्या साहेबांना मनातल्या मनात त्यांनी जे सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सम्यकचं पत्र्याचं घर शाळेच्या मागं होतं. त्याची आई लीलाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ती चुलीपुढून उठून दारात आली, "जयभीम मॅडम" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

"जयभीम लीलाबाई. कुठंय तो?"

तो आतच होता. आंघोळ करून, केस बारीक कापून, नवऱ्या मुलासारखा तयार बसलेला. शेजारी एक भरलेली पिशवी. वर टॉवेल, ब्रश, स्टीलचा पेला.

"चला मॅडम," तो उठत म्हणाला.

"न्या मॅडम," लीलाबाई म्हणाली. "पर जेवल्यावर न्या त्याला. भाकरी टाकलीया. तिथं भाकरी नाय भेटत."

"कुठं न्या?" बाईंना काही कळेना.

"आतमंदी. अजून कुठं?"

आमरीनबाई मटकन खाटेवर बसल्या. सम्यक जमिनीकडं बघत बोलू लागला. "तुमी गोड बोलला ना त्या दिवशी. मागच्या टायमाला बी असंच झालतं. चहाच्या टपरीवर एक साध्या कपड्यातला पोलीस आला. खांद्यावर हात ठिवला. म्हणला, लई हुशार पोरगं हायस, चल, दोन मिंटाचं काम हाय. दोन मिंटाचे चार महिने झाले. मायला दोन दिवस पत्ताच नव्हता, पोरगं कुठं गेलं. तुमी कवा गोड बोलत नाय मॅडम. म्हणलं, आपलं काय तरी बिघडलं. कोर्टातून काय तरी आलं. तिकडं हजेरीला आलो असतो तर तुमी तिथूनच धाडलं असतं. म्हणलं, या वक्ताला घरून जायचं. माय समोर असताना."

"अन् फोन?"

"तुमी फोनवर बी गोडच बोलला असता."

बाईंना रडू आलं, पण रडायची सवय नव्हती. जी सवय होती, तीच कामी आली.

"अरे गधे! अकलेचं दिवाळं निघालंय का तुझ्या!" पत्रा हादरला. "दोन सोमवार! तुला कळतंय का काय केलंस? हजेरी चुकवली म्हणून खरोखरच आत गेला असतास! मी वेडी म्हणून इथवर आले! राजेंद्रशेठनं कामावरून काढलं तर कुणाच्या तोंडाकडं बघशील? आणि या माऊलीला किती दिवस घोर लावलास? शरम नाही वाटत?"

सम्यकचे खांदे हळूहळू सैल पडले. लीलाबाईनं पदर डोळ्यांवरून काढला आणि चक्क हसली. "आता कशा मॅडम बोलल्या!"

बाईंचा श्वास जागेवर आला. लीलाबाईनं पुढं केलेलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या. मग सम्यकनं विचारलं, अगदी हळू, "म्हंजे ते समदं खोटं व्हतं? शिलाईचं बी?"

रागावण्यापेक्षा हे उत्तर द्यायला अवघड होतं. हो म्हणावं तर पोराचं तोंड उतरलेलं दिसत होतं, नाही म्हणावं तर ते खोटं.

"तुझी शिलाई मी पाहिलीच नव्हती," बाई म्हणाल्या. "शाबासकी द्यायची असं शिकवलं होतं, म्हणून दिली. चुकलं माझं."

बाईंची नजर पिशवीवर गेली. जाड मरून रंगाच्या रेक्झिनची, काठाला काळी पट्टी, बंद दुहेरी शिवणीचे. त्यांनी ती मांडीवर ओढली. पेला, टॉवेल, कपडे काढून खाटेवर ठेवले आणि पिशवी उलटी करून आतून बघितली. सासू सून निवडताना बघते तशी. बंद खेचून पाहिला. कोपऱ्यावर नख फिरवलं.

"कुठून आणलीस?"

"शिवली. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची. त्या सोमवारपासून रोज थोडी थोडी."

"इथं कोपऱ्यात दोरा सुटलाय."

"व्हय," तो मान खाली घालून म्हणाला.

"बाकी कुठं सुटलेला नाही. आतून बघितलं तरी उलट-सुलट कळत नाही." "अरे, तुरुंगात न्यायला इतकी सुंदर पिशवी कुणी शिवतं का रे?"

आणि मग बाई रडल्या. सम्यकही रडला. लीलाबाईनं दोघांकडं एकदा बघितलं, खाटेवरचे शर्ट उचलले आणि परत खुंटीला अडकवले. मग तिनं ताटं घेतली. तीन. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळं पुढं कुणाला काही लपवावं लागलं नाही.

निघताना बाईंनी दारात चपला घातल्या. "आजची भेट हजेरीत धरते, कोर्टाला काही कळवत नाही. सोमवारी ये. केसात तेल घालून ये. उशीर केलास तर बघ."

सम्यकनं जरा थांबून विचारलं, "रागवाल ना?"

"रागवेन."

"मग येतो मॅडम," तो म्हणाला.