माझ्या स्वेटरचा काठ

आमच्या चामराजपेटच्या घरी यायचं तर जुना स्वेटर घेऊन यायचं, असा यंदा नियमच झाला होता. हा नियम मथुराक्काचा.

अक्का म्हणजे माझी आत्या. बाबा तिला अक्का म्हणतात, म्हणून आईही म्हणते, मीही म्हणते, आणि खालचा इस्त्रीवालाही म्हणतो. आमच्याकडे जन्मलेलं प्रत्येक मूल दवाखान्यातून अक्काने विणलेल्या ब्लँकेटमध्ये घरी आलंय. माझा मोठा भाऊ यशूअण्णा, मी, राजाजीनगरची सगळी चुलत पिलावळ. आणि नुसतं विणलेलं नाही हं! बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जे लागेल ते कुणीतरी वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं. जुन्या साडीचं दुपटं करतात ना, तसं. नवं सगळं बारशाला. म्हणजे दुकानातली लोकर बंद. जुने स्वेटर उसवायचे आणि त्याच लोकरीचं ब्लँकेट करायचं.

आता यशूअण्णाला बाळ होणार होतं. म्हणजे शमिकावहिनीला. अण्णा फक्त घाबरत होता.

अक्काचं उसवणं बघायला खरं तर तिकीट लावायला हवं. कॉलरपाशी नेमकी गाठ शोधते, कात्रीचं टोक लावते, ओढते, आणि सर्रर्र! अख्खा स्वेटर डोळ्यांदेखत संपतो. ती वाकडीतिकडी लोकर उलट्या स्टुलाच्या पायांना गुंडाळून लड करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि दोरीवर टांगून खाली पितळी तांब्या बांधायचा. वजनाने लोकर सरळ होते. पार्लरमध्ये कुरळे केस सरळ करतात, तस्संच. फक्त अक्काच्या पार्लरात तांब्या.

वहिनीची आई शुभदाकाकू जे. पी. नगरहून पिशवी भरून स्वेटर घेऊन आल्या. "सगळे ब्रँडेड आहेत हं अक्का, प्युअर वूल!"

अक्काने एक उलटा केला, आतली शिवण बघितली. "मशीनचे आहेत. कापून शिवलेत. उसवायला गेलं तर शेवया होतील ह्याच्या."

काकूंचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाल्या, "अ‍ॅक्चुअली, मी एक ब्लँकेट ऑर्डर केलंच आहे. सशाचे कान आहेत त्याला, सो क्यूट! बाळाआधी नवं घरात नको, म्हणून शमिकाच्या मावशीकडे ठेवलंय. तुमचं वेळेत झालं नाही तर बॅकअप म्हणून."

"सरी," अक्का म्हणाली.

'सरी' म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. पण अक्का नुसतं 'सरी' म्हणाली की समजायचं, युद्ध सुरू झालं.

अण्णाचा बाटलीहिरवा, बाबांचा राखाडी, राजाजीनगरच्या काकांचा मोहरीच्या रंगाचा. हातविणीचे एवढेच मिळाले. अक्का क्रोशाची सुई घेऊन कट्ट्यावर बसायची. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस, माझ्याशी मराठीत गप्पा, आणि हात आपले चालूच. एकदाही खाली बघत नाही! माझा एक खांब, म्हणजे एक उभा टाका, होईपर्यंत तिची ओळ संपायची. मी पहिली ओळ केली तेव्हा चष्मा लावून नीट बघितली, हात फिरवला. "छान आहे. उसव." दुसरीलाही तेच. तिसरी ओळ तिने उसवायला लावली नाही, तेव्हा मी वर्गात इतकी मिरवले की मैत्रिणी कंटाळल्या.

आणि बाळ लवकर आलं! मुलगी! शनिवारी सकाळी घरी सोडणार, असा अण्णाचा फोन आला शुक्रवारी, मी शाळेतून येत होते तेव्हा.

ब्लँकेट तयार होतं, पण काठ बाकी होता. काठ नसला की कडा वळतात, आणि अक्का बिनकाठाचं कुणाला देत नाही. आणि लोकर संपलेली. तिने कपाटं उपसली, ट्रंक उघडली. काही नाही.

"चिकपेटला जाऊन येतो पटकन," बाबा म्हणाले.

"नवी आणणार?" अक्काने विचारलं. बाबा पुन्हा पेपर वाचू लागले.

मग ती खुर्चीत बसली, सुई मांडीवर. अक्काचे हात रिकामे! मी असं कधी बघितलंच नव्हतं.

"ससा तर ससा," ती हळू म्हणाली. "पोरीला ऊब मिळाली म्हणजे झालं."

ती रुसून नव्हती म्हणाली. खरंच म्हणाली. म्हणूनच मला सहन होईना. मी इकडेतिकडे बघितलं, आणि दाराच्या खुंटीवर माझा शाळेचा स्वेटर! मरून. अक्कानेच दोन सुयांवर विणलेला.

"हा घे!"

"हर्षिता!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "सोमवारी शाळा आहे! थंडी केवढी पडलीय!"

"आई, वापरलाय, धुतलाय, मऊ झालाय. नियमात बसतंय!"

"बाहीवर शाईचा डाग आहे त्याच्या," अक्का म्हणाली.

"मग? बाळ वाचणार आहे का तो?"

अक्का हसली. स्वेटर हातात घेतला, उलटा केला. इतक्या बारीक टाक्यांचं, स्वतःच्या हातचं काम! मला वाटलं, आता थांबेल. पण तिने सरळ गाठ शोधून दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "ओढ. तुझा आहे."

सर्रर्र!

तांब्या बांधून वाळवायला वेळ कुठला! वहिनीचा हेअर ड्रायर आणला. बाबांनी दोन्ही हातांवर लड धरली, मी ड्रायर धरला, आणि अक्काने विणायला घेतलं. मध्ये एक बाजू माझ्याकडे दिली. जेवणाची पानं मांडेपर्यंत काठ पुरा.

दवाखान्यात शुभदाकाकू सशाची पिशवी घेऊन हजर होत्या. अक्काने आपलं ब्लँकेट पलंगावर पसरलं. काकूंनी हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. "हा हिरवा यशोवर्धनचा ना? कॉलेजात घालायचे तो? आणि हा मरून?"

"माझा!" मी म्हटलं.

काकूंनी सशाची पिशवी पलंगाखाली सरकवली. "हे बारशाला," त्या म्हणाल्या, आणि बाळाला स्वतः अक्काच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तिच्या हातात दिलं. अक्काने चष्मा काढून पुसला. धूळ बसली होती म्हणे.

सोमवारी असेंब्लीत मी कुडकुडत उभी.

"हर्षिता, स्वेटर कुठंय?"

"भाचीला दिला, मॅम."

"तुझा स्वेटर भाचीला होतो? केवढी आहे?"

"शनिवारी घरी आलीये, मॅम."

मॅमनी पुढच्या मुलीकडे मोर्चा वळवला.

घरी आले तर कट्ट्यावर अक्का, मांडीवर मरून लोकरीचे नवेकोरे गुंडे. स्वतः जाऊन चिकपेटहून आणलेले. मला उभं केलं, पाठीवर वीत टेकवून माप घेतलं. "स्वल्प रुंद झालीस."

"अक्का, यंदा पाठ मी विणणार!"

"विण की," ती म्हणाली. "उसवायला मी आहेच."